सपोर्ट कुणाचा, कुठवर?

"सर्टिफाइड नसेल तर त्यावर मी डेटाबेस चढवणार नाही. विषय संपला," मामा म्हणाले.

"सर्टिफिकेट पीडीएफमध्ये असतं, मामा. डेटाबेस मशीनवर चालतो," भाची म्हणाली, आणि विषय खरा तिथूनच सुरू झाला.

मामा सांगली जिल्ह्यातल्या एका नागरी सहकारी बँकेचे निवृत्त आयटी प्रमुख. शाखांमधली लेजरं गेली आणि कोअर बँकिंग आलं, तो सगळा काळ त्यांनी सर्व्हर रूममध्ये काढला. भाची चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात इन्फ्रा सांभाळते. तिच्याकडे आठ होस्टचं, म्हणजे आठ सर्व्हरचं, क्लस्टर आहे आणि त्यावर सॅप, ओरॅकल, विंडोजची लहानमोठी अनेक मशीन चालतात. त्याखालच्या व्हीएमवेअर या हायपरव्हायझरचं रिन्यूअल कोटेशन आलं आणि आकडा पाहून संचालकांनी तिला विचारलं, हे सॉफ्टवेअर बदलता येईल का? तांत्रिक उत्तर 'हो' असंच आहे. पण बदललं आणि रात्री दोन वाजता डेटाबेस अडकला, तर फोन कुणी उचलायचा, हे कुणालाच ठामपणे सांगता येत नव्हतं. भाची ते विचारायला मामांकडे आली होती.

हायपरव्हायझर म्हणजे एका सर्व्हरचा प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क वाटून देणारं सॉफ्टवेअर. प्रत्येक वाट्यात स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टिम चालते आणि तिला वाटतं, सगळं यंत्र आपलंच. कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२मध्ये मेनफ्रेमसाठी व्हीएम/३७० आणलं होतं. स्वस्त एक्स८६ प्रोसेसरवर मात्र हे जमेना, कारण त्याच्या काही आज्ञा हायपरव्हायझरला पत्ता न लागू देता वेगळंच उत्तर देत. २०००च्या एका अभ्यासात अशा १७ आज्ञांची यादी आहे. डायान ग्रीन, मेंडेल रोझेनब्लम आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९९८मध्ये स्थापन केलेल्या व्हीएमवेअरने त्या आज्ञा चालता चालता बदलून घेण्याची युक्ती शोधली. प्रोसेसरमध्येच तशी सोय इंटेलने २००५मध्ये आणि एएमडीने २००६मध्ये दिली. त्याआधीच, २००१मध्ये, व्हीएमवेअरचं ईएसएक्स सर्व्हर बाजारात आलं होतं. २००३मध्ये व्हीमोशन आलं आणि चालू मशीन न थांबवता एका होस्टवरून दुसऱ्या होस्टवर नेता येऊ लागलं. हार्डवेअर बदलायला रविवारची रात्र मागणाऱ्यांची पिढी तिथे संपली.

"आणि भांडणांची पिढी सुरू झाली," मामा म्हणाले. "थर वाढला की बोट दाखवायला एक जागा वाढते. आमच्याकडे एका रात्री ईओडी, म्हणजे दिवसअखेरचं काम, अडकलं. डेटाबेसवाले म्हणाले स्टोरेज बघा. स्टोरेजवाले म्हणाले हायपरव्हायझर बघा. हायपरव्हायझरवाले म्हणाले, आमच्याकडे सगळं हिरवं आहे, गेस्टच्या आत बघा. सकाळी शाखा उघडल्या तेव्हा माझ्या हातात तिघांचे तीन ईमेल होते आणि काउंटरवर रांग होती. कंपन्यांची नावं जाऊ देत. त्या दिवसापासून मी एकच विचारतो, तुमच्या यादीत हे कॉम्बिनेशन आहे का? असेल तर तुम्ही पळणार नाही."

मामांच्या बोलण्यात केवळ भीती नव्हती. मधला थर खरोखर काही गोष्टी बदलतो. होस्टवर ताण आला की व्हर्च्युअल मशीनला प्रोसेसर मिळायला उशीर होतो आणि आतलं घड्याळ मागे पडू शकतं. मेमरी कमी पडली तर हायपरव्हायझर एका मशीनच्या आतून पानं काढून दुसऱ्याला देतो, आणि आतल्या डेटाबेसला त्याचं कारण दिसत नाही. स्नॅपशॉट परत लावला की मशीन भूतकाळात जातं, पण त्याच्याशी बोलणारी बाकीची मशीन वर्तमानातच राहतात. मायक्रोसॉफ्ट आजही एक्स्चेंजसाठी हायपरव्हायझरच्या स्नॅपशॉटला मान्यता देत नाही, त्यामागे हेच कारण आहे.

भाचीला हे सगळं मान्य होतं. तिचा आक्षेप वेगळाच होता. "यादी अभियंते करतात असं तुम्ही धरून चालता. मायक्रोसॉफ्टचंच घ्या. २००८च्या आधी त्यांचं धोरण काय होतं? आमचं सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या हायपरव्हायझरवर असेल, तर मोठा करार असलेल्या ग्राहकाला जमेल तेवढी मदत करू, पण दोष साध्या सर्व्हरवर पुन्हा घडवून दाखवा असं म्हणू शकतो. २००८मध्ये त्यांचं स्वतःचं हायपर-व्ही आलं. त्याच वर्षी त्यांनी सर्व्हर व्हर्च्युअलायझेशन व्हॅलिडेशन प्रोग्रॅम काढला. इतर कंपन्यांनी आमच्या चाचण्या पास कराव्यात, मग त्यांच्या हायपरव्हायझरवर चालणाऱ्या विंडोजला आम्ही पूर्ण सपोर्ट देऊ. इतकी वर्षं जे धोक्याचं होतं, ते एका वर्षात चालण्यासारखं झालं?"

"चाचण्या झाल्या म्हणून झालं," मामा म्हणाले. "धंद्याचं कारण असेलही. पण ग्राहकाच्या हातात काय आलं ते बघ. नाव घेऊन सांगता येणारी यादी. त्याआधी होती 'जमेल तेवढी' मदत. जमेल तेवढी म्हणजे किती, हे सेव्हरिटी वन टिकेट उघडल्यावरच कळतं."

या ठिकाणी मामांचं पारडं जड आहे. कंपनीचा हेतू शुद्ध असण्याची ग्राहकाला गरज नसते, तिने काय कबूल केलंय हे स्पष्ट असण्याची असते.

ओरॅकलपाशी आल्यावर मात्र चित्र फिरतं. व्हीएमवेअरवर चालणाऱ्या आपल्या उत्पादनांबद्दल ओरॅकलची एक प्रसिद्ध सपोर्ट नोट आहे, क्रमांक २४९२१२.१. जगभरच्या डेटाबेस ॲडमिनना ती जवळपास पाठ आहे. ती सांगत असे, की व्हीएमवेअरवर आमचं कोणतंही उत्पादन सर्टिफाइड नाही. मदत मिळेल ती साध्या ऑपरेटिंग सिस्टिमवर आधीच माहीत असलेल्या दोषांसाठी, किंवा व्हीएमवेअरमुळे झालेला नाही असं दाखवता येईल अशा दोषांसाठी. म्हणजे नवा दोष निघाला, तर तो वेगळ्या, हायपरव्हायझर नसलेल्या यंत्रावर घडवून दाखवण्याची जबाबदारी ग्राहकावर येऊ शकते. अनेक सर्व्हरवर एकच डेटाबेस चालवणारं रिअल ॲप्लिकेशन क्लस्टर्स तर २०१०पर्यंत या मर्यादित सपोर्टमध्येही नव्हतं. त्या वर्षी ११.२.०.२ आवृत्तीपासून त्याला परवानगी मिळाली.

"आणि तरी लोक चालवत होते," भाची म्हणाली. "हजारो कंपन्या. कारण सर्टिफाइड नाही म्हणजे चालत नाही असं नाही, आणि सपोर्ट नाही असंही नाही. ओरॅकल ऑपरेटिंग सिस्टिमवर सर्टिफाय करतं. हायपरव्हायझर तिच्या खाली असतो, जसं हार्डवेअर असतं. तुमच्या डेटाबेसला कधी सर्व्हरच्या मदरबोर्डसाठी सर्टिफिकेट मागितलं होतंत?"

मामा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "नव्हतं मागितलं. पण मदरबोर्डवाल्याने दर तीन महिन्यांनी माझ्या मशीनच्या मेमरीची वाटणी बदलली नव्हती."

दोघंही बरोबर आहेत, आणि एकाच शब्दाखाली तीन वेगळे प्रश्न दडले आहेत म्हणून हा वाद पुढे सरकत नाही. कंपनीने हे कॉम्बिनेशन स्वतः तपासलंय का, हा एक. बिघाड झाल्यावर टिकेट घेईल का, हा दुसरा. आणि हे चालवायला लायसन्स किती लागतील, हा तिसरा. पहिल्या दोन प्रश्नांवर लोक तासन्‌तास बोलतात. पैसे बुडतात ते तिसऱ्यावर.

भाचीचं क्लस्टरच घेऊ. एका होस्टमध्ये १६ कोअरचे दोन प्रोसेसर, असे आठ होस्ट, म्हणजे एकूण २५६ कोअर. ओरॅकलच्या कोष्टकात इंटेलच्या कोअरला ०.५ हा गुणक आहे, म्हणून १२८ प्रोसेसर लायसन्स होतात. एंटरप्राइज एडिशनची छापील किंमत प्रति प्रोसेसर ४७,५०० डॉलर. गुणाकार ६० लाख ८० हजार डॉलरचा होतो. तिचा ओरॅकल डेटाबेस एकाच होस्टवर मावतो, आणि त्या एका होस्टचा हिशेब ७ लाख ६० हजार डॉलर. प्रत्यक्षात सूट मिळते, पण गुणोत्तर तेच राहतं. वर दरवर्षी लायसन्स रकमेच्या २२ टक्के सपोर्टसाठी.

एका होस्टपुरत्या कामासाठी आठ होस्टचे पैसे का? ओरॅकलचं पार्टिशनिंगचं एक धोरणपत्र आहे. त्यात आयबीएमच्या एलपारसारख्या काही पद्धती 'हार्ड' मानल्या आहेत, त्यांनी आखलेल्या हद्दीपुरतंच लायसन्स घ्यावं लागतं. व्हीएमवेअर 'सॉफ्ट'मध्ये मोडतं. व्हीमोशनने मशीन कुठल्याही होस्टवर जाऊ शकतं, म्हणून ते जाऊ शकेल अशा सगळ्या होस्टचं लायसन्स लागतं, असा ओरॅकलचा पवित्रा. आणि त्याच धोरणपत्राच्या तळटिपेत लिहिलंय, की हा मजकूर माहितीसाठी आहे, कराराचा भाग नाही.

"मग तो बंधनकारक कसा?" भाचीने टेबलावर हात ठेवून विचारलं. "चॉकलेटवाल्या मार्स कंपनीने हेच विचारलं होतं. २०१५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात गेली ती. ऑडिटसाठी २,३३,०८९ पानांची कागदपत्रं दिली होती तिने ओरॅकलला, तरी मागण्या थांबेनात."

"आणि निकाल?"

"निकाल लागलाच नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खटला मागे घेतला गेला."

"म्हणजे प्रश्न तसाच राहिला. तुझ्या संचालकांना तू काय सांगणार, मार्सने विचारलं होतं म्हणून आपणही विचारू? मार्सकडे वकिलांची फौज आहे."

भाचीने हा मुद्दा सोडून दिला, आणि ते शहाणपणाचं होतं. ओरॅकलसाठी दोन होस्टचं वेगळं, छोटं क्लस्टर काढायचं आणि त्याचं स्टोरेज, नेटवर्क आणि व्यवस्थापनसुद्धा बाकीच्यांपासून तोडायचं, हे तिने आधीच ठरवलं होतं. या दोन होस्टचं लायसन्स वर काढलेल्या एका होस्टच्या रकमेच्या दुप्पट होतं, म्हणजे आठ होस्टच्या पाव हिश्शाएवढं. सपोर्टचा प्रश्न मात्र आधीच सुटला होता. २०१९च्या सप्टेंबरमध्ये ओरॅकल आणि व्हीएमवेअर यांनी एकत्र येऊन जाहीर केलं, की व्हीएमवेअरवर चालणाऱ्या उत्पादनांना ओरॅकल तांत्रिक मदत देईल. वर्षानुवर्षांचा तंटा मिटला, पण फक्त मदतीपुरता. लायसन्सचा हिशेब जिथल्या तिथे राहिला.

सॅपबद्दल दोघांचं भांडण झालंच नाही. सगळा डेटा मेमरीत ठेवणारा हाना डेटाबेस सॅपने सुरुवातीला व्हर्च्युअल मशीनवर उत्पादनासाठी चालवू दिला नव्हता. २०१४मध्ये व्हीएमवेअरच्या व्हीस्फीअर ५.५वर परवानगी दिली, तीही कमाल एक टेराबाइट मेमरीच्या मशीनला. अटी ठरवून दिल्या. मेमरी पूर्ण राखीव, वाटावाटी नाही, प्रोसेसर आणि मेमरी यांची जोडी जुळलेली. पुढे मर्यादा वाढत गेल्या, २०१८मध्ये न्यूटॅनिक्सचं एएचव्ही यादीत आलं. यादीबाहेरच्या हायपरव्हायझरवर हाना चालेलही, पण उत्पादनातल्या बिघाडाला सॅप हात वर करेल. काय तपासलं, कुठवर तपासलं आणि का, हे इतकं सरळ सांगणारी यादी असेल तर भाचीलाही ती हवीच आहे.

मग रिन्यूअलचा मूळ विषय निघाला आणि बाजू उलटल्या.

ब्रॉडकॉमने व्हीएमवेअरची खरेदी २२ नोव्हेंबर २०२३ रोजी पूर्ण केली, कर्जासकट सुमारे ६९ अब्ज डॉलरला. महिनाभरातच कायमस्वरूपी लायसन्सची विक्री बंद झाली. यापुढे फक्त वर्गणी, तीही कोअर मोजून आणि मोठ्या गठ्ठ्यांत. ज्यांनी कायमस्वरूपी लायसन्स विकत घेतली होती, त्यांचं सॉफ्टवेअर चालू राहिलं, पण त्याचं सपोर्ट रिन्यूअल मिळेना.

अमेरिकेतली एटी अँड टी ही दूरसंचार कंपनी २०२४मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात गेली. तिचे सुमारे ८,६०० सर्व्हर आणि त्यांवर ७५,००० व्हर्च्युअल मशीन. सपोर्ट आणखी दोन वर्षं वाढवण्याचा हक्क करारात आहे, तो नाकारून आमच्यावर वर्गणी लादली जातेय, हे तिचं म्हणणं. मागितलेली वाढ १,०५० टक्क्यांची असल्याचा तिचा दावा होता. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये दोघांनी तडजोड केली. २०२५मध्ये ब्रिटनच्या टेस्कोनेही तसाच दावा लावला.

"तुमच्या यादीत होतं ना हे सगळं?" भाचीने विचारलं. "सर्टिफाइड, सपोर्टेड, हिरवी खूण. खूण जागेवर आहे, मामा. तिची किंमत बदलली. यादीतल्या एकाच हायपरव्हायझरला बांधून घेतलं की तो सांगेल ती रक्कम."

मामांनी नेदरलँड्सचं उदाहरण काढलं. ते त्यांनी नीट वाचलेलं होतं, आणि या सगळ्या प्रकरणांत तेच सर्वांत बोलकं आहे. तिथली रेइक्सवॉटरस्टाट ही सरकारी संस्था रस्ते, जलमार्ग, बांध आणि जलद्वारं सांभाळते. बराच भाग समुद्रसपाटीखाली असलेल्या देशात हे काम किती नाजूक असतं, ते सांगायला नको. तिच्या सर्व्हरखाली सुमारे १५ वर्षं व्हीएमवेअर होतं. नवी वर्गणी जुन्या खर्चाच्या जवळपास दुप्पट पडत होती, म्हणून संस्थेने दुसरीकडे जायचं ठरवलं. पण असं स्थलांतर काही महिन्यांत होत नाही, आणि मधल्या काळात पॅच आणि मदत नसलेल्या हायपरव्हायझरवर जलद्वारं ठेवणं शक्य नव्हतं. जून २०२५मध्ये हेगच्या न्यायालयाने आदेश दिला, की ग्राहक बाहेर पडेपर्यंत, कमाल दोन वर्षं, ब्रॉडकॉमने सपोर्ट द्यावा. न दिल्यास दिवसाला अडीच लाख युरो दंड, अडीच कोटी युरोपर्यंत.

"हे बघ," मामा म्हणाले, "न्यायाधीशाने काय मानलं? सपोर्ट म्हणजे नुसती विकायची वस्तू नाही. ज्याने लोकांना पंधरा वर्षं स्वतःवर अवलंबून राहू दिलं, त्याच्यावर निघतानाचीही जबाबदारी असते. मी सपोर्टचा आग्रह धरतो तो याच अर्थाने."

"पण तो हक्क कोर्टातून मिळाला, मामा. यादीतून नाही. आणि मिळाला तो एका सरकारी खात्याला. चाकणच्या कारखान्याने कुठल्या कोर्टात जायचं?"

मामांकडे याला उत्तर नव्हतं.

भाचीने पर्याय मांडला. केव्हीएम हा हायपरव्हायझर २००७पासून लिनक्सच्या गाभ्यातच, म्हणजे कर्नलमध्ये, आहे. तो लिहिणारी इस्राएली कंपनी क्यूमरानेट २००८मध्ये रेड हॅटने १०.७ कोटी डॉलरला घेतली. ॲमेझॉनचं नायट्रो त्याच्यावर बेतलेलं आहे, गूगलचं क्लाउड त्याच्यावर चालतं. व्हिएन्नाच्या कंपनीचं प्रॉक्समॉक्सही केव्हीएमवरच उभं आहे आणि बॅकअपसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या वीमने २०२४मध्ये त्याला सपोर्ट दिला. पुण्यात रेड हॅटचं मोठं अभियांत्रिकी केंद्र आहे, भाचीच्या वर्गातली दोघं तिथे काम करतात. "अडलं तर फोन करता येतो," ती म्हणाली.

"मैत्रिणीचा फोन म्हणजे करार नव्हे," मामा म्हणाले. "ॲमेझॉनकडे कर्नल लिहिणारी माणसं आहेत. तुझ्याकडे किती जण आहेत?"

"चार. त्यातले दोघं शिफ्टला."

"मग रात्री पॅच कोण लावणार?"

हा मामांचा सर्वांत मजबूत प्रश्न होता, पण त्याने दोन्ही बाजूंना चटका बसतो. फेब्रुवारी २०२३मध्ये ईएसएक्सआयआर्ग्स नावाच्या खंडणीच्या हल्ल्याने जगभरातले व्हीएमवेअरचे हजारो ईएसएक्सआय सर्व्हर कुलूपबंद केले. ज्या भोकातून तो शिरल्याचं मानलं गेलं, त्याचा पॅच व्हीएमवेअरने दोन वर्षं आधी, फेब्रुवारी २०२१मध्येच दिला होता. सपोर्ट विकत घेऊनही पॅच लावायचा राहून गेलेले सर्व्हर त्यांत होते आणि सपोर्ट संपल्याने जुन्या आवृत्तीवर अडकलेलेही होते. महागडा करार असो की मोफत सॉफ्टवेअर, पॅच लावणारा माणूस कारखान्यालाच ठेवावा लागतो. कोटेशनची तुलना करणाऱ्या कोष्टकांत त्याच्या पगाराची ओळ सहसा नसते. दोन्ही पर्यायांसमोर ती असायला हवी.

शेवटी वही उघडली गेली. सॅप आहे तिथेच राहील, आणि हलवायचं झालं तर फक्त सॅपच्या यादीतल्या हायपरव्हायझरवर. ओरॅकल दोन होस्टवर वेगळं. फाइल सर्व्हर, प्रिंट सर्व्हर, चाचणीची मशीन आणि अंतर्गत वेब ॲप्लिकेशन आधी केव्हीएमवर जातील, कारण तिथे अडलं तर असेंब्ली लाइन थांबत नाही. त्यातून व्हीएमवेअरचे मोजायचे कोअर किती कमी होतात, ते पाहून रिन्यूअल मागायचं. हजेरी आणि गुणवत्ता तपासणीच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांना ईमेलवर तीन ओळींत विचारायचं: तुम्ही या हायपरव्हायझरवर तपासलंय का, टिकेट घ्याल का, लायसन्स बदलेल का? 'बहुतेक चालेल' हे उत्तर 'नाही' असं धरायचं.

एका मुद्द्यावर दोघांचं शेवटपर्यंत जमलं नाही. मामांना रिन्यूअलच्या खरेदी आदेशातच दोन अटी हव्यात, पुढच्या तीन वर्षांची किंमत आज ठरलेली आणि बाहेर पडताना वर्षभर पॅच मिळण्याची हमी. भाचीच्या मते इतक्या छोट्या ग्राहकाचं कुणी ऐकणार नाही आणि वाटाघाटीत तिमाही निघून जाईल. मामा म्हणाले, मागितल्याशिवाय नकारही लेखी मिळत नाही, आणि तो नकार संचालकांसमोर ठेवायला उपयोगी पडतो. तिने तो मुद्दा प्रश्नचिन्ह घालून लिहिला. पुढच्या डीआर ड्रिलमध्ये, म्हणजे आपत्तीच्या सरावात, मात्र एक बदल तिने तिथेच नक्की केला. मशीन दुसऱ्या साइटवर उठली की ड्रिल संपवायची नाही. प्रत्येक व्हेंडरकडे खरं टिकेट उघडायचं, हायपरव्हायझरचं नाव त्यात लिहायचं आणि पहिलं उत्तर किती वेळात, कुणाकडून आणि काय येतं, त्याची नोंद अहवालात करायची.